दोन लाखांच्या आत फियाट लिनिया टी-जेट: गोव्यातल्या एका घराने जुनी गाडी कशी निवडली

पार्श्वभूमी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं पाच जणांचं घर. सर माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, वहिनी साखळी शहरात नोकरीला आहेत, दोन शाळकरी मुलं आणि सरांची आई. आईंचं वय सत्तरीपुढचं, दोन्ही गुडघे दुखरे. नावं आणि गाव गाळलंय. व्यवहाराचे आकडे आणि घटनाक्रम सरांच्या परवानगीने दिले आहेत.

वहिनींचं माहेर बेळगावचं. त्यामुळे केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी ही वाट महिन्यातून एकदा तरी ठरलेली. दारात जुनी वॅगनआर होती आणि गावात तिची काही तक्रार नव्हती. पण पाच माणसं, मागे सामान आणि एसी चालू, असं घाटाला लागलं की केरी सोडल्यावर पहिल्या दोन-तीन वळणांतच ती दमायची. सर एसी बंद करून, खिडक्या उघडून दुसऱ्या गिअरमध्ये चढवायचे. पावसात खिडक्या उघडता येत नाहीत, मग काच धुरकटायची. दोन तासांच्या प्रवासानंतर आईंची पाठ धरायची ती वेगळीच.

जुनी गाडी घेताना ओळखीचे लोक मला सोबत नेतात. तसे एप्रिल २०२४ मध्ये सर माझ्याकडे आले. कर, कागदपत्रं, दुरुस्ती सगळं धरून ३ लाख रुपये, आणि कर्ज काढायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

अडचण

घाट चढायला ताकद हवी, मागे तिघं नीट बसायला हवीत, खड्ड्यांतून जाताना गाडी मऊ हवी, डिकी मोठी हवी आणि सरांना स्वतःला चालवताना मजाही हवी. हे शेवटचं त्यांनी जरा संकोचून सांगितलं. मला ते महत्त्वाचं वाटलं. ज्याला गाडी आवडते तो तिचं तेल वेळेवर बदलतो, आवाज आला तर लगेच खाली वाकून बघतो. जुन्या गाडीचं आयुष्य यावरच बरंचसं अवलंबून असतं.

नातेवाइकांचा सल्ला एकच होता: थोडे पैसे घाला आणि नवी छोटी गाडी घ्या. पण नव्या छोट्या गाडीचं इंजिन वॅगनआरच्याच पंगतीतलं, म्हणजे घाटाचा प्रश्न होता तिथेच राहिला असता, वर हप्ते आले असते.

मी सरांना सगळ्यात आधी विचारलं, "ही गाडी पुढे विकायची कधी?"

"विकायची कशाला? चालेल तोवर चालवायची."

पुढचे सगळे निर्णय या उत्तरातून निघाले. जुन्या बाजारात भाव ठरवताना दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: गाडी आज कशी आहे आणि उद्या ती कोण घेईल. ज्याला उद्याच्या गिऱ्हाइकाची चिंता नाही, त्याच्यासाठी काही गाड्या फार स्वस्त पडतात.

समोरचे पर्याय

होंडा सिटी सगळ्यांच्या तोंडी होती. २००९ ते २०१३ च्या पिढीतलं तिचं १.५ लिटरचं इंजिन गुणी, ११८ पीएस ताकदीचं. भाग कुठेही मिळतात, मेस्त्री कुठलाही चालतो. पण बरी दिसलेली गाडी ३.६० लाखांना होती. बजेट तिथेच संपत होतं, दुरुस्तीला रुपया उरत नव्हता. शिवाय त्या इंजिनाचा १४६ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, ४८०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्या झाल्यावर) मिळतो, म्हणजे घाटात तिला फिरवत ठेवावं लागतं. पाच माणसं बसली की गतिरोधकाला पोट घासण्याची भीतीही होतीच.

डिझायर पेट्रोलचा विचार लवकरच मागे पडला. शहाणी गाडी, पण बजेटमध्ये दिसलेल्यांपैकी काहींचं आधीचं आयुष्य टॅक्सीत गेलेलं वाटत होतं आणि घाटात फरक थोडाच पडला असता. व्हेंटो टीएसआय सरांना फार आवडली. तिच्यात कोरड्या क्लचचा ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो. तो सुरळीत असेपर्यंत सुखच. पण दहा वर्षं जुन्या गाडीत तो बिघडला तर एका बिलात गाडीच्या किमतीचा मोठा वाटा जातो. तीन लाखांच्या घरात ती जोखीम घेऊ नये असं माझं ठाम मत होतं आणि आजही आहे.

फियाट लिनिया टी-जेटचं नाव मी काढलं.

लिनिया भारतात २००९ साली आली, पुण्याजवळ रांजणगावला बनायची. २०१० मध्ये तिला १३६८ सीसीचं टर्बो (हवा दाबून भरणारं) पेट्रोल इंजिन मिळालं, तेच टी-जेट: ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटर, तेही साधारण २२०० आरपीएमला. सिटीशी तुलना केली तर ताकद जवळपास तेवढीच, पण ओढ जास्त आणि निम्म्याहून कमी फेऱ्यांत. घाटात, भरलेल्या गाडीत, तिसऱ्या गिअरवर हा फरक पायाला कळतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक, १६ इंची चाकं, ५०० लिटरची डिकी आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग. हे स्टिअरिंग पार्किंगमध्ये जड लागतं, पण वळणावर चाकाखाली काय चाललंय ते हाताला नीट सांगतं. याच १.४ टी-जेट इंजिनावर पुढे फियाटच्याच पुंटो या छोट्या गाडीची अबार्थ आवृत्ती १४५ हॉर्सपॉवरची निघाली, यावरून त्याच्या कुवतीची कल्पना यावी. एवढं असून बाहेरून बघाल तर साधी, चारचौघांतली फॅमिली कार.

मग ती स्वस्त का? २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांआधीच फियाटने इथल्या गाड्या बंद केल्या. शहरात टी-जेट लिटरला दहाच्या आसपासच देते. ऑटोमॅटिक कधी आलीच नाही. आणि टी-जेट इंजिन इथे मोजक्याच गाड्यांत बसवलं गेलं. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मारुती आणि टाटाच्याही गाड्यांत होतं, म्हणून त्याचे भाग गावोगावी सापडतात. टी-जेटच्या खास भागांसाठी मात्र पुण्याकडे बघावं लागतं. गिऱ्हाईक घाबरतं ते यालाच. सस्पेन्शनचे बरेचसे भाग पुंटोचे चालतात, हे थोड्यांनाच ठाऊक असतं.

माझी अट एकच होती: आधी मेस्त्री, मग गाडी. म्हापशाला एक जण आहेत, पूर्वी फियाटच्याच वर्कशॉपमध्ये टी-जेट खोललेले. त्यांनी "आणा, मी बघतो" म्हटल्यावरच आम्ही शोधाला लागलो.

दोन गाड्या

पहिली बार्देशच्या किनारपट्टीतली, २०१२ ची, गोव्याचंच पासिंग, मागणी १.४० लाख. रंग झकास, सीट कव्हर नवे, इंजिनाचा आवाज एकसारखा. सर हरखले होते. दुसऱ्या राज्यातून गाडी आणायला लागणारी एनओसी (ना-हरकत) नको, परराज्यातला कर नको, आजच घरी नेता येईल. आम्ही ती लिफ्टवर चढवली. खालून ब्रेकच्या पाइपांवर गंजाचे पापुद्रे सुटलेले. जॅक लावतात तिथल्या पत्र्याला मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, जरा दाबला आणि टोक आत गेलं. वरून काळा कोट मारून ते झाकलं होतं. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पण सांगाडा पहिल्यासारखा होत नाही. तिथेच नाही म्हटलं.

त्या गाडीने एक काम मात्र झालं. मालकाच्या परवानगीने आम्ही आईंना तीत बसवून बघितलं. वॅगनआर उंच, तिच्यात सरळ बसता येतं. सेडानमध्ये खाली वाकून बसावं लागतं. आई आधी आडव्या टेकल्या, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. उतरताना वरची मूठ धरूनही त्यांना वहिनींचा हात धरावा लागला. सरांचा चेहरा उतरला. हा निर्णयाचा खरा कठीण क्षण होता आणि तो आईंनीच सोडवला. जवळच्या खड्डेवाल्या रस्त्यावरून एक फेरी मारून आल्यावर म्हणाल्या, "बसायला-उठायला त्रास दोनदाच होईल. पाठ दोन तास सुखात राहील. उशी द्या मला एक जाड."

दुसरी गाडी चिंचवडला मिळाली. २०१३ ची, एकच मालक, ६८,००० किलोमीटर, जवळजवळ सगळ्या सर्व्हिसची बिलं फाइलला. मालक निवृत्त अभियंते. थंड इंजिन सुरू करायचं म्हणून आम्ही सकाळी जाईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं आदल्या दिवशीच कळवलं होतं आणि त्यांनी ते पाळलं. धूर नाही. कूलंट स्वच्छ. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपला तेलाचा हलका ओलावा होता, तो या वयाला चालतो. काचांवरचे तारखेचे कोड गाडीच्या वर्षाशी जुळले, मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला नव्हता. मग कात्रजच्या जुन्या घाटात नेली. तिसरा गिअर, दोन हजारच्या आसपास आरपीएम, पाय पूर्ण खाली: क्षणभर काही होत नाही आणि मग पाठीला सीट लागते. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. मलाही बोलायचं सुचलं नाही, कारण पावणेदोन-दोन लाखांत इतकी चांगली ओढ आणि इतकी ठाम चालणारी गाडी हातात येते, हे मला दर वेळी नव्याने आनंद देतं.

टायर "नव्यासारखे" आहेत असं मालक मनापासून सांगत होते आणि खाचा खरंच खोल होत्या. पण बाजूला २२१६ असा आकडा होता: २०१६ सालचा २२ वा आठवडा. आठ वर्षांचं रबर दिसायला कितीही चांगलं असलं तरी ओल्या घाटात त्यावर विसंबता येत नाही. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटणारा टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल फाइलमध्ये नव्हतं. हे दोन मुद्दे मांडल्यावर २.१० लाखांची मागणी १.८५ लाखांवर आली.

कागदपत्रं

इथे घाई झाली असती तर पुढे फार त्रास झाला असता. मालकांनी कर्ज कधीच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरल्याशिवाय एनओसीचा फॉर्म २८ पुढे सरकत नाही. सरांना गाडी पाऊस सुरू व्हायच्या आत हवी होती आणि मालकही म्हणत होते, "घेऊन जा, कागद मागून पाठवतो." माणूस सचोटीचा होता यात शंका नाही.

तरीही आम्ही गाडी आणली नाही. २५,००० रुपये एनओसी हातात येईपर्यंत राखून ठेवायचे, उरलेल्यातला मोठा भाग बोजा उतरल्यावर द्यायचा आणि तोवर गाडी त्यांच्याच छपराखाली, असं लिहून घेतलं. सुरुवातीला त्यांना ते टोचलं. सरांनी त्यांना शांतपणे सांगितलं की अविश्वास नाही, पण एकदा गाडी गोव्यात आली की प्रत्येक सहीसाठी दोघांपैकी एकाला साडेचारशे किलोमीटर यावं लागेल. ते त्यांना पटलं. जुलैअखेरीस गाडी आली. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायच्या गाडीला नवा नंबर घ्यावा लागतो. वाहतूक खात्यात तपासणी, वयानुसार कर आणि नंबर प्लेट मिळून खर्च २५,००० च्या आत आला. विमाही लगेच सरांच्या नावावर करून घेतला. बरेच जण तो तसाच ठेवतात आणि अपघात झाल्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला मुकतात.

पहिला महिना गॅरेजमध्ये

गाडी घरी नेण्याआधी थेट म्हापशाला गेली. चार टायर २६,००० रुपये. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मजुरीसह १४,०००. पुढचे लोअर आर्म आणि लिंक रॉड १३,०००. फुल सिंथेटिक ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग आणि फिल्टर ९,०००. एकूण ६२,०००. गाडीची किंमत आणि कागदपत्रांचा खर्च धरून २.७२ लाखांपर्यंत आकडा गेला.

बेल्टबद्दल सरांनी विचारलं होतं: गाडी इतकी छान चालतेय, पुढच्या वर्षी केला तर? या इंजिनाला त्या कामासाठी धातूची साखळी (चेन) नाही, रबरी बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चालायचं. जुना बेल्ट काढल्यावर त्याच्या पाठीवर बारीक आडव्या भेगा दिसल्या. मेस्त्रींनी तो वाकवून सरांच्या हातात दिला.

७ सप्टेंबरच्या चतुर्थीला गाडी दारात होती. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं सामान डिकीत बसूनही जागा उरली.

वॅगनआर विकायची की ठेवायची यावर घरात मतभेद होते. सरांना ती विकून ७०,००० च्या आसपास उभे करायचे होते. वहिनी म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत तरी राहू दे. या नव्या पाहुणीचा स्वभाव कळू दे." वॅगनआर राहिली.

घाटातला प्रसंग

डिसेंबरमध्ये बेळगावला लग्न होतं. केरी सोडून चढण लागल्यावर पाचव्या-सहाव्या वळणावर "फस्स" आवाज आला, गाडीची ओढ गेली आणि इंजिनाचा दिवा लागला. सरांनी दिवे लावून गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि मेस्त्रींना फोन केला. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप वयामुळे चिरला होता. टर्बोने दाबलेली हवा बाहेर निसटली की उरतं ते अशक्त १.४ लिटरचं इंजिन. तापमान ठीक होतं, तेल गळत नव्हतं, म्हणून मेस्त्रींनी हळूहळू मागे उतरून यायला सांगितलं. सगळे वॅगनआरने बेळगावला पोचले, हळदीला उशीर झाला तेवढाच.

पाइप गोव्यात मिळाला नाही. पुण्याहून रात्रीच्या खासगी बसने पार्सल आलं. मध्ये रविवार आल्यामुळे गाडी चार दिवस उभी राहिली. खर्च साडेतीन हजार. पैशाने लहान आणि वेळेने मोठा असा हा बिघाड. बंद झालेल्या गाडीची खरी किंमत या वाट बघण्यातच द्यावी लागते.

आजची स्थिती

त्यानंतर वाटेत काही झालेलं नाही. घाटात एसी चालू असतो, सर तिसऱ्या गिअरवर चढतात. आईंची उशी मागच्या सीटवर कायमची आहे आणि पाठीची तक्रार खरोखर कमी झाली. गावात अ‍ॅव्हरेज ९ ते १०, बेळगावच्या वाटेवर १३ च्या पुढे. २०२५ मध्ये पंपांवर सगळीकडे इ२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यावर सरांना आकडा किंचित घसरलेला वाटला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ते अपेक्षितच होतं. ही गाडी त्या इंधनासाठी बनलेली नाही, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप यंदा बदलून घेतले.

वॅगनआर अजून आहे. वहिनी तीच साखळीला नेतात. तिचा विमा आणि देखभाल हिशेबात धरली तर "स्वस्तात मिळाली" या वाक्याला थोडी मुरड घालावी लागते. ज्या घरात एकच चारचाकी असणार आहे आणि तिच्यावर रोज पणजी गाठायची आहे, त्यांना मी टी-जेट सुचवणार नाही. त्यांनी जास्त पैसे मोजून सिटीच घ्यावी.

पुन्हा करायचं झाल्यास

बेल्टचं काम चाललं होतं तेव्हाच टर्बोचे सगळे रबरी पाइप बदलायला हवे होते. तसा विषय निघाला होता, पण दिसायला ते ठीक होते आणि बिल आधीच वाढलं होतं. अकरा वर्षांचं रबर डोळ्यांनी तपासून चालत नाही, हे टायरच्या बाबतीत आम्ही पाळलं, पाइपच्या बाबतीत नाही. म्हापशाच्या मेस्त्रींनी आता टी-जेटसाठी वेगळी यादीच केली आहे: पाइप, इग्निशन कॉइल, थर्मोस्टॅट, क्लच केबलऐवजी असलेल्या हायड्रॉलिकचे सील. यातले पाइप आणि एक कॉइल सरांनी आणून घरी ठेवली आहे.

राखून ठेवायची रक्कमही ५०,००० असायला हवी होती असं मला वाटतं. २५,००० वर मालकांनी काम केलं ते स्वभावामुळे. दुसऱ्या कुणी ते रखडवलं असतं.

पुढचा निर्णय २०२८ चा आहे. तेव्हा नोंदणीची १५ वर्षं संपतील, पुन्हा पासिंग करावं लागेल आणि नूतनीकरणाचं शुल्क भरावं लागेल. सरांचं ठरलंय: दर मे महिन्यात गाडी लिफ्टवर घ्यायची, खालून धुऊन गंजरोधक कोट द्यायचा, आणि जॅकच्या जागांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून बघायचा. पत्रा शाबूत असेल तर पासिंग करून घ्यायचं.